हिमालयातील थंड नदीवर राफ्टिंग करताना कोरडे आणि सुरक्षित कसे राहावे

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून ऋषिकेश, कुल्लू किंवा लेहला गेलेली बहुतेक मंडळी राफ्टिंगच्या दिवशीचे कपडे आकाशाकडे पाहून ठरवतात. ऊन रणरणत असते, म्हणून सुती टी-शर्ट आणि अर्धी चड्डी घालून सगळे राफ्टमध्ये बसतात. ज्या पाण्यावर ती राफ्ट जाणार असते त्यातले बरेचसे पाणी मात्र काही काळापूर्वी हिमालयाच्या माथ्यावर बर्फ होते. ऊन जितके कडक, तितका वरचा बर्फ अधिक वितळतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात या नद्या आटण्याऐवजी भरत जातात आणि तरीही गारच राहतात. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येऊन पुढे ऋषिकेशकडे वाहणारी गंगा, रोहतांगच्या बाजूने कुल्लूच्या खोऱ्यात उतरणारी बियास आणि चिलिंगवरून येऊन निम्मूला सिंधूत मिळणारी झंस्कर या तिन्ही नद्यांना हे लागू आहे.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेल्यांनी तर हा फरक विशेष लक्षात घ्यायला हवा. कुंडलिकेत सोडले जाणारे पाणी मुळशीच्या तलावातून भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात येते आणि वीजनिर्मितीनंतर नदीत जाते. त्या पाण्यात पडलेल्या माणसाला शहारा येतो, पण श्वास अडकत नाही. तिथे मिळालेला अनुभव वल्हवण्याच्या आणि गाइडच्या सूचना ऐकण्याच्या कामी येतो; थंड पाण्याला शरीर कसे प्रतिसाद देते, याची कल्पना मात्र त्यावरून येत नाही. म्हणून या लेखातील प्रत्येक सूचनेमागे एकच नियम आहे: कपडे, साहित्य आणि निघण्याची वेळ या तिन्ही गोष्टी पाण्याचे तापमान गृहीत धरून ठरवाव्यात, हवेचे नव्हे. आपण राफ्टमधून पडणार नाही, असे समजून कपडे घालू नयेत. पडणारच आहोत, असे समजून घालावेत.

थंड पाण्यात शरीराचे काय होते

थंड पाण्यात पडलेला माणूस गारठून दगावतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गारठून शुद्ध हरपायला वेळ लागतो. बुडण्याचा सर्वांत मोठा धोका त्याच्या कितीतरी आधी, अगदी पहिल्या मिनिटात असतो. पाण्याचे तापमान साधारण 15 अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर त्वचेला तो गारवा लागताच एक मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो. हा श्वास माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसतो आणि निव्वळ निश्चयाने तो रोखताही येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणीच आत जाते. त्यानंतर धाप लागल्यासारखा जलद श्वास सुरू होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब एकदम चढतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचाही या अवस्थेत गोंधळ उडतो, कारण हातपाय मारण्याची लय श्वासाच्या लयीशी जुळतच नाही. हा झटका एक ते तीन मिनिटांत ओसरतो, आणि तो ओसरतो हे आधीपासून ठाऊक असणे हेच त्या वेळी सर्वांत मोठे बळ असते.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे लक्षात ठेवण्यासाठी एक सोपे सूत्र रूढ केले आहे: एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास. पहिले मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यासाठी असते. त्यानंतरची सुमारे दहा मिनिटे हातापायांत उपयोगी पडेल इतकी ताकद आणि पकड असते, आणि साधारण तासाभराने शरीराच्या गाभ्याचे तापमान इतके उतरते की शुद्ध हरपू लागते. ही सूत्रातली वेळ बर्फासारख्या गार पाण्याची आहे. शरीरयष्टी, कपडे आणि वय यांनुसार ती कमीजास्त होते आणि लहान मुले मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. नदीवर या तिघांपैकी दहा मिनिटांचा टप्पा सर्वांत निर्णायक ठरतो. राफ्टची दोरी पकडणे, फेकलेली दोरी धरून ठेवणे, खडकावर चढणे ही सारी कामे बोटांची आहेत, आणि बोटेच सर्वांत आधी बधिर होतात. पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने वाहून नेते, त्यामुळे बधिरपणा यायला तासभर लागत नाही.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा फेफऱ्याचा त्रास असलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवती स्त्रियांनी अशा नदीवर राफ्टिंग टाळावे. सगळे जात आहेत म्हणून घरातल्या ज्येष्ठांना आग्रह करून राफ्टमध्ये बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. या नद्यांवर तो आग्रह करू नये.

अंगावर काय असावे

सुती कापड पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि ओले झाल्यावर त्याची ऊब जवळजवळ संपते. जीन्सचेही तेच आहे. शिवाय पाण्यातून राफ्टवर किंवा काठावर चढताना तिने शोषलेल्या पाण्याचे सगळे वजन पायांवर येते आणि गुडघे वाकेनासे होतात. म्हणून अंगालगत पॉलिस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे घट्ट बसणारे कपडे असावेत. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते आणि पॉलिस्टर लवकर निथळते. ओढणी, सैल कुर्ता, लोंबणाऱ्या नाड्या, टोपीचे बंद हे सारे दोरीत किंवा वल्ह्यात अडकू शकते, त्यामुळे ते अंगावर ठेवू नये. मंगळसूत्र, साखळी आणि अंगठी हॉटेलवरच काढून ठेवावी. गार पाण्यात बोटे आक्रसतात आणि एरवी साबण लावूनही न निघणारी अंगठी सहज गळून पडते.

ऋषिकेशच्या उन्हाळी सहलींत बहुधा लाइफ जॅकेट आणि हेल्मेट एवढेच दिले जाते. झंस्करवर मात्र वेटसूट दिला जातो आणि तो घ्यायलाच हवा. गंगेवरही मार्चपर्यंतच्या दिवसांत वेटसूटची मागणी करावी, वेगळे भाडे पडले तरी करावी.

वेटसूट माणसाला कोरडे ठेवत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. निओप्रीन या स्पंजासारख्या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात आणि खरी ऊब ते राखतात. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि तिथेच टिकून राहतो. तो टिकण्यासाठी सूट अंगाला घट्ट बसावा लागतो. सैल सुटात प्रत्येक लाटेबरोबर जुने पाणी बाहेर जाते आणि नवे गार पाणी आत येते, म्हणजे शरीराला एकच झटका बसण्याऐवजी तो पुन्हा पुन्हा बसत राहतो. भाड्याचा सूट घालून पाहताना कंबरेचा मागचा भाग, काखा आणि गुडघ्यामागची जागा तपासावी. तिथे मूठभर रबर पकडता येत असेल, तर लहान माप मागावे. हात डोक्यावर पूर्ण उचलता यावेत आणि उकिडवे बसता यावे, इतपत घट्टपणा योग्य आहे. मिळणारे सूट साधारण 3 ते 5 मिलिमीटर जाडीचे असतात. झंस्करसाठी जाड आणि पूर्ण बाह्यांचा सूट घ्यावा. बिनबाह्यांचा मिळाला, तर खाली लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा बनियन घालावा. सुटाच्या आत सुती अंतर्वस्त्रे घालू नयेत, पोहण्याचे कपडे घालावेत.

वेटसूट घातल्यावर अनेक जण आणखी काही घालत नाहीत. झंस्करच्या घळईत दुपारनंतर जोराचा वारा सुटतो आणि ओल्या निओप्रीनवरचे पाणी त्या वाऱ्याने उडून जाताना अंगातली उष्णताही घेऊन जाते. त्यामुळे सुटावर पातळ, वारा अडवणारे आणि पाणी न शोषणारे जॅकेट असावे. त्याचा गळा आणि मनगटे आवळता यावीत. ते लाइफ जॅकेटच्या आत घालावे. बाहेर घातल्यास लाइफ जॅकेटचे पट्टे आणि मुठी झाकल्या जातात आणि वाचवणाऱ्याला धरायला काही सापडत नाही.

खऱ्या अर्थाने कोरडे ठेवतो तो ड्रायसूट. त्याचे कापड पाणी आत येऊ देत नाही, गळ्याला आणि मनगटांना लेटेक्सच्या पातळ रबरी पट्ट्या त्वचेला चिकटून बसतात आणि साखळी, म्हणजे झिपही पाणी रोखणारी असते. झंस्करवर पदुमपासून निम्मूपर्यंत अनेक दिवसांची मोहीम करणाऱ्यांनी आणि कायाकवर, म्हणजे छोट्या अरुंद नावेवर जाणाऱ्यांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा. अमेरिकेत किंवा स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तो भाड्यानेही मिळू शकतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनचे उदाहरण इथे मुद्दाम देण्यासारखे आहे. तिथे उन्हाळ्यात हवा 40 अंशांपर्यंत तापते, पण ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयातून खोलवरचे पाणी सोडले जात असल्याने कोलोरॅडो नदी अनेक दशके 8 ते 10 अंशांच्या आसपास वाहत राहिली.

ड्रायसूटला स्वतःची ऊब नसते; ती आतल्या लोकरीच्या किंवा फ्लीसच्या कपड्यांची असते. तो घातल्यावर साखळी शेवटच्या दातापर्यंत बंद झाली आहे का, हे दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे, कारण अर्धा इंच उघड्या राहिलेल्या साखळीतूनही सूट भरतो. नंतर उकिडवे बसून, गुडघे छातीशी घेऊन गळ्याची पट्टी दोन बोटांनी जराशी उघडावी, म्हणजे आतली जास्तीची हवा निघून जाते. ही हवा तशीच राहिली, तर पाण्यात ती पायांकडे सरकते आणि पाय वर, डोके खाली अशी अवस्था होऊ शकते. निघण्यापूर्वी काठाजवळ संथ पाण्यात कंबरेपर्यंत उतरून सूट कुठे गळत नाही ना, हे पाहावे. ड्रायसूट घातला तरी लाइफ जॅकेट हवेच. फाटलेला सूट पाण्याने भरतो आणि त्या वेळी तरंगत ठेवणारे दुसरे काही नसते.

पायांत निओप्रीनचे जाड तळव्याचे बूट असावेत. ते नसतील, तर नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट लोकरीच्या मोज्यांवर घालावेत. चपला, फ्लोटर्स आणि क्रॉक्स पहिल्याच लाटेत जातात, आणि अनवाणी माणसाला काठावरच्या गोट्यांवरून चार पावलेही धड टाकता येत नाहीत. हातमोजे निओप्रीनचेच घ्यावेत. लोकरीचे हातमोजे वल्ह्यावरून घसरतात. चष्म्याला मागून पट्टा लावावा.

लाइफ जॅकेट आणि हेल्मेट

लाइफ जॅकेट माणसाला तरंगवते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण थंड पाण्यात त्याचे पहिले काम आणखी महत्त्वाचे असते. श्वास ताब्यात नसलेल्या त्या पहिल्या मिनिटात ते तोंड पाण्याच्या वर राखते. पोहता येते म्हणून जॅकेट सैल ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या मिनिटात पोहणे कोणालाच जमत नाही.

आतल्या पट्टीवर किती वजनाच्या व्यक्तीसाठी ते जॅकेट आहे हे लिहिलेले असते, ते वाचावे. शिवण उसवलेले, बक्कल तुटलेले किंवा आतला फोम चुरलेला असेल, तर निःसंकोचपणे बदलून मागावे. पट्टे खालून वर या क्रमाने आवळावेत: आधी कंबरेचा, मग छातीचा, शेवटी खांद्यांचे. मग सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट जोराने वर उचलायला सांगावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल, तर ते सैल आहे किंवा मोठे आहे. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असल्याशिवाय त्यांना राफ्टमध्ये घेऊ नये. पहिल्या रॅपिडनंतर, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्याच्या टप्प्यानंतर ओले झालेले पट्टे ढिले पडतात, म्हणून संथ पाण्यात येताच ते पुन्हा आवळावेत.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे बसावे आणि डोके हलवल्यावर मागे सरकू नये. थंडीसाठी त्याखाली घालायला पातळ निओप्रीनची किंवा लोकरीची टोपी मिळते; जाड माकडटोपी घातली तर हेल्मेट नीट बसत नाही.

कोरडे कपडे कोरडे ठेवणे

राफ्टवर अंग भिजणारच. म्हणून संध्याकाळ कशी जाईल हे पिशवीतल्या कपड्यांवर ठरते. ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पिशवी, भरताना ती तीन चतुर्थांशच भरावी, दाबून हवा काढावी आणि तोंड किमान तीन वेळा सपाट, घट्ट गुंडाळून मगच बक्कल लावावे. पिशवी काठोकाठ भरली, तर तीन घड्या बसत नाहीत आणि पाणी शिरते. आतले कपडे आणखी एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत. लोकरीचे वरचे कपडे, पायजमा, मोजे, कानटोपी आणि पंचा एवढा एक पूर्ण संच प्रत्येकाचा वेगळा असावा. शक्य असल्यास एक हलकी झोपण्याची पिशवी आणि चहाचा थर्मास सगळ्यांत मिळून ठेवावा. पिशवी राफ्टला बांधताना दोरीची लांब शेपटे लोंबती ठेवू नयेत, कारण राफ्ट उलटल्यास त्यांत पाय अडकतो. मोबाइल गळ्यात टांगून नेण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे.

एकदिवसीय सहलीत सामान बहुधा जीपने शेवटच्या थांब्यावर पाठवले जाते. त्या वेळीही एक कोरडा संच राफ्टबरोबर असावा, कारण अडचण आली तर ती मधल्याच काठावर येते आणि जीप दुसऱ्याच ठिकाणी उभी असते.

निघण्यापूर्वी काय विचारावे

राफ्टिंग चालवणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो, पण पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी विचारणे आवश्यक आहे. सोबत सुरक्षा कायाक किंवा दुसरी राफ्ट असेल का? प्रत्येक राफ्टमध्ये फेकण्याची दोरी, प्रथमोपचार पेटी आणि पंप असतो का? गाइडला जलबचाव आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आहे का? आज पाण्याची पातळी काय आहे आणि ती वाढते आहे की उतरते आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गाइडला लगेच देता आले नाही, तर मी स्वतः त्या राफ्टमध्ये बसणार नाही. पावसाळ्यात ऋषिकेशला राफ्टिंग बंद ठेवतात. ते सुरू असल्याचे सांगून कोणी न्यायला तयार झाले, तरी जाऊ नये.

बर्फाच्या पाण्याच्या नद्यांची पातळी दिवसभरातही बदलते. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी खाली पोहोचते तेव्हा नदी वाढते, आणि खोल घळईत सूर्य लवकर आड जातो. त्यामुळे सकाळी लवकर निघून दुपारी लवकर काठाला लागणे केव्हाही श्रेयस्कर. धरणांचाही विचार करावा लागतो. भागीरथीवर टिहरी आहे, बियासवर लारजी आहे. 8 जून 2014 रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते राफ्टिंग करत नव्हते, पात्रातल्या खडकांवर उभे होते. विश्रांतीसाठी थांबल्यावर पात्रात पुढे आलेल्या खडकांवर बसू नये, राफ्ट काठावर उंच ओढून ठेवावी आणि पाणी अचानक गढूळ झाले किंवा काठावरचे ओले दगड बुडू लागले, तर सामान सोडून वर चढावे.

लेहला पोहोचल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी झंस्करवर जाऊ नये. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. विरळ हवेची सवय होण्यापूर्वी गार पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास सावरणे अधिकच कठीण जाते. निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी. सकाळी पोटभर खावे, पाणी प्यावे. दारूने अंग गरम वाटते ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून, आणि त्याच वाटेने शरीरातली उष्णता लवकर बाहेर जाते. म्हणून आदल्या रात्रीपासूनच ती टाळावी.

राफ्टमध्ये आणि पाण्यात

राफ्टच्या बाहेरच्या फुगीर कडेवर बसून पाऊल आडव्या नळीखाली रोवावे, पण घोट्यापर्यंत खोल घालू नये. राफ्ट उलटली तर ते सहज सुटले पाहिजे. वल्ह्याचे वरचे आडवे टोक हातातून कधीही सोडू नये, कारण रॅपिडमध्ये शेजाऱ्याचे दात आणि नाक त्यानेच फुटते. दोरी हाताला गुंडाळू नये, फक्त धरावी.

संथ पाण्यात गाइड पर्यटकांना पाण्यात उतरू देतात. ऋषिकेशजवळच्या शिवपुरीच्या पट्ट्यात मॅगीच्या थांब्याजवळ उंच कड्यावरून उड्या मारण्याचाही प्रकार चालतो. वेटसूट नसताना थंड पाण्यात उडी मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उडीत तोंड पाण्याखाली असतानाच तो अनावर श्वास घेतला जातो. उतरायचेच असेल तर राफ्टची बाहेरची दोरी धरून हळूहळू उतरावे, आधी मनगटांवर, मानेवर आणि चेहऱ्यावर पाणी घ्यावे आणि श्वास शांत झाल्यावरच दोरीपासून हात काढावा.

अनपेक्षितपणे पाण्यात पडल्यास सर्वप्रथम तोंड वर ठेवून सावकाश श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष द्यावे. आत घेणे आपोआप होते, सोडणे मुद्दाम करावे लागते. राफ्ट हाताशी असेल तर तिची दोरी धरावी, पण प्रवाहाच्या खालच्या बाजूला राहू नये, नाहीतर राफ्ट आणि खडक यांच्यामध्ये सापडण्याचा धोका असतो. राफ्टच्या खाली गेल्यास दोन्ही हातांनी तिचा तळ वर ढकलत एकाच दिशेने सरकत राहावे, म्हणजे कडा सापडते.

राफ्ट दूर गेली असेल, तर पाठीवर व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पावले पाण्याच्या वर ठेवावीत. समोर येणाऱ्या खडकाला पायाने टेका देऊन बाजूला होता येते. लाटांमध्ये श्वास घेण्याची जागा दोन लाटांमधल्या खळग्यात असते. लाटेच्या माथ्यावर तोंड मिटून घ्यावे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकले, तर वरचा प्रवाह माणसाला पुढे आडवे पाडतो आणि कंबरभर पाण्यातही तोंड वर काढता येत नाही. पाण्यात हात घातला की तळ लागतो, इतक्या उथळ आणि संथ जागी पोहोचल्यावरच उभे राहावे.

पहिला झटका ओसरला की हातांत ताकद आहे तोवर काठ गाठायचा असतो. राफ्ट येईल या आशेने वाहत राहण्यात ती दहा मिनिटे घालवू नयेत. पाठीवरच राहून डोके काठाच्या दिशेने तिरपे करावे आणि हात मागे मारत प्रवाह ओलांडावा. खडकाच्या आडोशाला पाणी उलटे फिरते, तिथे पोहोचताच पालथे होऊन जोराने पोहत आत शिरावे. पाण्यात कोसळलेले झाड दिसले, तर त्यापासून जितके दूर जाता येईल तितके जावे, कारण त्याच्या फांद्यांमधून पाणी जाते आणि माणूस अडकतो. टाळणे अशक्यच झाले, तर पाय पुढे न करता पालथे होऊन डोक्याच्या दिशेने त्याच्याकडे जोराने पोहावे आणि बुंध्यावर चढण्याचा प्रयत्न करावा.

कोणी दोरी फेकली, तर ती ज्या पिशवीत भरलेली असते ती पिशवी नव्हे, दोरी धरावी. ती छातीशी घेऊन खांद्यावरून पलीकडे जाऊ द्यावी आणि पाठ वाचवणाऱ्याकडे करावी, म्हणजे पाणी तोंडावर येत नाही. हाताला ती कधीही गुंडाळू नये. राफ्टमध्ये ओढून घेणाऱ्याने समोरच्याचे हात नव्हे, लाइफ जॅकेटचे खांद्यांचे पट्टे धरावेत, गुडघे राफ्टच्या कडेला टेकवावेत आणि मागे झुकून त्याला आत घ्यावे. सुटका दिसू लागताच काही माणसे अंगातले त्राण गेल्यासारखी ढिली पडतात आणि त्याच क्षणी बुडतात. म्हणून आत येईपर्यंत त्यांच्याशी मोठ्याने बोलत राहावे आणि पाय मारत राहायला सांगावे.

गारठलेल्या माणसाची काळजी

हुडहुडी भरलेला, पण स्पष्ट बोलणारा माणूस बहुधा लवकर सावरतो. त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे आणि गोड, गरम चहा द्यावा. काळजीची लक्षणे वेगळी असतात: बोलताना जीभ जड होणे, हातातल्या वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, विनाकारण चिडणे, आणि ऊब न मिळताच हुडहुडी थांबणे. शरीराच्या गाभ्याचे तापमान 35 अंशांच्या खाली गेल्यावर हायपोथर्मिया सुरू होतो आणि ते 32 अंशांच्या आसपास उतरले की थरथरण्याचीही शक्ती संपते. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असा समज करून घेऊ नये.

अशा व्यक्तीला चालवू नये, आडवे ठेवावे आणि हळुवारपणे हाताळावे. थंड हृदय धक्क्यांनी अनियमित होऊ शकते. ओले कपडे ओढून काढण्यापेक्षा कापावेत. जमिनीतली थंडी लागू नये म्हणून आधी खाली जाड काही घालावे, मगच वर पांघरावे. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीवर ठेवाव्यात, हातापायांवर नव्हे. हातपाय चोळणे हा आपल्या घराघरांतला उपाय इथे घातक ठरतो, कारण त्यामुळे हातापायांतले गार रक्त हृदयाकडे परत जाते. गरम पाण्याने आंघोळ, शेकोटीजवळ अगदी लगत बसवणे आणि ब्रँडी यांपैकी काहीही करू नये. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडाने काहीही देऊ नये.

श्वास थांबला असेल, तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे ही दोन्ही सुरू करावीत. बुडालेल्या माणसाला केवळ छाती दाबून पुरत नाही. अंग गार आणि ताठ लागते म्हणून प्रयत्न सोडू नयेत. मे 1999 मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली 80 मिनिटे अडकली होती. तिच्या शरीराचे तापमान 13.7 अंशांपर्यंत उतरले होते, आणि तरीही ट्रोम्सोच्या रुग्णालयात ती वाचली. तिला बाहेर काढल्यापासून रुग्णालयापर्यंत छाती दाबणे आणि श्वास देणे सुरू ठेवले गेले होते.

पाण्यात पडून नाकातोंडात पाणी गेलेल्या प्रत्येकावर, तो हसतखेळत असला तरी, पुढचे काही तास लक्ष ठेवावे. खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल, छातीत घरघर असेल किंवा अनावर झोप येत असेल, तर रात्र जाऊ देऊ नये. ऋषिकेशला एम्स आहे, लेहला सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे. वाहन मिळत नसेल, तर 112 वर संपर्क साधावा आणि व्यक्ती थंड पाण्यात होती, किती वेळ होती आणि पाणी आत गेले आहे का, या तीन गोष्टी सर्वांत आधी सांगाव्यात.